चिठ्ठ्यांचा डबा

प्रश्न : मॅडम, मी मिरज तालुक्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. ‘वयात येताना’ या विषयावर दोन तास घेतले, तर एका मुलाचे आजोबा थेट शाळेत आले. म्हणाले, “ही इंग्रजी थेरं आहेत. आमच्या वेळी मराठी माणूस असलं काही बोलत नव्हता.” मला काही उत्तर देता आलं नाही. तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवलात. खरंच कुणी बोलत नव्हतं का?
— एक शिक्षिका

उत्तर : बोलत होता की! तेही दरमहा, छापील, आणि या सदरासारखीच वाचकांची प्रश्नोत्तरं चालवून. आजोबा पंच्याहत्तरीचे असतील तर त्यांच्या जन्माआधीपासून. त्यांच्या वडिलांनी ते अंक गुपचूप वाचलेही असतील, पण हे त्यांना सांगू नका.

र. धों. कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२५मध्ये प्राध्यापकी सुटली आणि जुलै १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे त्यांचं मासिक सुरू झालं. ते १९५३मध्ये, त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं.

एम.फिल. करताना मी एका ग्रंथालयात त्याचे बांधीव अंक मागितले. शिपायाने ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणले, टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाला, “ताई, तुम्ही कोपऱ्यात बसा.” मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र. मीही दचकले, खोटं कशाला बोलू? आतला मजकूर मात्र गणिताच्या मास्तराने लिहावा तसा, कोरडा ठणठणीत. त्या बांधीव अंकांत कुणीतरी समासात पेन्सिलीने बारीक टिंबं केली होती, आणि ती फक्त प्रश्नोत्तरांच्या पानांवर. नाव न घालता प्रश्न विचारणारा एक, आणि तोच प्रश्न पोटात ठेवून टिंब करणारा दुसरा! त्या दिवशी माझं टिपणं काढणं राहूनच गेलं.

या प्रश्नोत्तरांवरच खटला झाला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दल वाचकांनी विचारलं होतं, कर्व्यांनी शास्त्राला धरून उत्तरं दिली होती. १९३४ साली मुंबईच्या कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनात विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टाला तो पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला. आधीही एका लेखासाठी शंभर भरून झाले होते. कर्व्यांची सगळीच मतं मला पटतात असं नाही, ‘सुप्रजे’विषयीचं, म्हणजे कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी नाही याविषयीचं, त्यांचं बोलणं आज टोचतं. पण पत्र टाकणाऱ्याला त्यांनी कधी पापी ठरवलं नाही.

‘इंग्रजी थेरं’ हा आक्षेपही जुनाच. १८९१मध्ये संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा केलं, तेव्हा परक्या सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये म्हणून टिळकांनी विरोध केला होता. बारा वर्षांची मुलगी हो! म्हणजे तुमच्या आठवीच्या वर्गापेक्षाही लहान. आणि २००७मध्ये आपल्या राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला बंदी केली, तेव्हाही संस्कृतीचंच नाव पुढे होतं.

आजोबांशी वाद घालू नका. चहा द्या, बाबासाहेबांच्या खटल्याचं सांगा. वर्गात मात्र चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा चालेल. मी कॉलेजात ठेवला तेव्हा पहिल्या आठवड्यात एकही चिठ्ठी आली नाही, कारण डब्यापर्यंत उठून जाणारा सगळ्यांना दिसायचा. मग सगळ्यांना सारखे कागद वाटले आणि सांगितलं, प्रश्न नसेल तर कोराच घडी करून टाका, पण टाकायचाच. त्या दिवशी बेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या कोऱ्या फक्त सहा.