आमचा पहिलीतला मुलगा 'पाणी'ला 'पानी' आणि 'शाळा'ला 'शाला' लिहितो. काळजी करावी का?

नाही, काळजीचं काही नाही. तो चुकत नाहीये, ऐकतो तसंच अचूक लिहितोय. मी अलिबागकडच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आगरी-कोळी घरांतली मुलं बोलतानाच ण चा न आणि ळ चा ल करतात, मग कागदावरही तेच उतरतं. लिहायला लागलेलं मूल आधी कानावर भरवसा ठेवतं. शब्दाचं रूप डोळ्यांत बसायला पुष्कळ वाचन लागतं.

लाल पेनाने खोडू नका, घरची बोली तर मुळीच बदलू नका. 'डोळा', 'माळ', 'गोणी' असे शब्द तुम्ही सावकाश म्हणा, त्याला तुमची जीभ वर कशी वळते ते बघू दे. मग तोच शब्द त्याला बोटाने रेतीत मोठा गिरवू दे. रोज तीन-चार शब्द खूप झाले.

ऱ्हस्व-दीर्घाची घाई आत्ता नको. 'मीठ' दीर्घ आणि 'मिठागर' ऱ्हस्व का, हे त्याला पुढे कळेल, कारण तिथे कान पुरत नाही, नियमच लागतो.

मात्र बोलताना बरेच आवाज गाळत असेल किंवा हाक ऐकू येत नसेल, तर कान तपासून घ्या.