हरताळ पाळतात आणि हरताळ फासतात

'नियमांना हरताळ' असा मथळा वाचून आमच्या शेजारच्या ताईंनी मला विचारलं, "हरताळ म्हणजे संप ना? मग तो नियमांना कसा? आणि संप फासतात कशाने?" त्यांचं बोट नेमक्या जागी पडलंय. अडचण 'फासणे' या क्रियापदातच आहे आणि उत्तरही तिथेच आहे.

ताई, हे दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्या मनातला संपवाला हरताळ गुजरातीतल्या 'हडताळ'चा भाऊ. संस्कृतात हट्ट म्हणजे बाजार, आपण आठवडी बाजाराला 'हाट' म्हणतो तोच. आणि ताळ म्हणजे ताळं, कुलूप. बाजाराला कुलूप, तो हरताळ. 6 एप्रिल 1919 ला रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी देशभर पुकारला तो हा. हा 'पाळतात'. कडकडीत पाळतात.

'फासतात' तो हरताळ म्हणजे एक रंग आहे. संस्कृतात हरिताल. गंधक आणि आर्सेनिक यांचं खनिज, पिवळंजर्द. वर्खी हरताळ हातात घेऊन पाहिला तर अभ्रकासारखे पापुद्रे दिसतात आणि उन्हात धरला की सोन्यासारखा चमकतो. विषारी आहे, त्यामुळे हात धुवायला विसरायचं नाही. याचाच लालसर नारिंगी भाऊ मनशीळ. नावातला 'हरि' पिवळ्यापासून हिरव्यापर्यंतच्या रंगांना चालायचा. हरिद्रा म्हणजे हळद, तीही त्याच घरातली. (हरतालिका मात्र या घरातली नाही. पार्वतीला तिच्या आलीने, म्हणजे सखीने, हरून नेलं, अशी त्या नावाची उकल सांगतात.)

आता हा रंग नियमांपर्यंत पोचला कसा? पोथ्यांतून. पोथीची नक्कल उतरवणाऱ्याच्या हातून चूक झाली तर खोडायचं कसं? काजळाची शाई कागदावर घट्ट बसलेली. खरवडली तर कागद फाटायचा. मग हरताळ खलात बारीक वाटायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि चुकलेल्या अक्षरांवर लेप द्यायचा. तो वाळला की त्याच्यावर पुन्हा काळ्या शाईने लिहायचं. जुना हातकागद मुळात पिवळसर, त्यामुळे डाग फारसा डोळ्यांत येत नसे. आपल्या पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा अशाच हातकागदाच्या कारागिरांचा. हळदीने हे काम झालं नसतं. ती पातळ, खालचं अक्षर झाकत नाही, उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. हरताळ दगडाचा रंग, तो अक्षर गिळतो.

आमच्या घरच्या एका पोथीत असा डाग आहे, अंगठ्याच्या नखाएवढा. एकच शब्द नकलेत दोनदा पडला होता, त्यातला दुसरा झाकलाय. पान तिरकं धरलं की डागाच्या कडेला जुन्या शिरोरेषेचं टोक अजून दिसतं. मी लहानपणी त्याला हळदीकुंकवातली हळद समजत असे. आजोबांनी सांगितलं, "तो हरताळ. लिहिणाऱ्याला चूक दिसली आणि त्याने ती तशीच सोडली नाही."

या शब्दातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. नक्कल उतरवणारा हरताळ फासायचा तो चुकीवर, पाठ शुद्ध व्हावा म्हणून. आज आपण म्हणतो, "त्याने बापाच्या शब्दाला हरताळ फासला," म्हणजे जे बरोबर होतं तेच पुसलं. अर्थ जवळजवळ उलटा झाला. कसा झाला असेल? लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ती दुरुस्ती, पण लेपाखाली गेलेल्या अक्षराच्या बाजूने पाहिलं तर ते नाहीसंच झालं. वाक्प्रचाराने ही दुसरी बाजू धरली, असं मला वाटतं.

ताईंचा दुसरा प्रश्न: 'हरताळ लावला' म्हटलं तर चालेल का? मी म्हणणार नाही. अत्तर लावतात, गंध लावतात, त्यात बोट हलकं पडतं. शेंदूर फासतात, अंगाला राख फासतात, तोंडाला काळं फासतात. फासलं की खालचं काही दिसत नाही. तेव्हा 'नियमांना हरताळ फासला' असंच लिहा, आणि मंडईतले गाळे दिवसभर बंद राहिले तर 'व्यापाऱ्यांनी हरताळ पाळला'. 'नियमांचा हरताळ' हे दोन्हींत बसत नाही.