विचारा बंदूकवाल्याला: आजोबांची लिव्हर रायफल

(राखणीची शस्त्रं, त्यांची निगा आणि कायदा यांविषयीचं सदर. उत्तरं देणारे विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी परवानाधारक शस्त्रदुरुस्तीचं पिढीजात दुकान चालवतात.)

प्रश्न: काकाजी, नमस्कार. आजोबांची विंचेस्टर ९४, थर्टी-थर्टी बोअरची लिव्हर रायफल (चापाखालची कडी खालीवर करून काडतूस चढवायची), वारसाने माझ्या परवान्यावर चढली आहे. आमचं वावर जंगलाला लागून. रोही (नीलगाई) अन् डुकरं तूर ठेवत नाहीत. पण रायफल हाताला बसत नाही. दस्ता लांब वाटतो, लिव्हर कडक चालते, संध्याकाळी माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा खुंट) दिसत नाही. व्हिडिओ पाहून घरीच कस्टम करायचं म्हणतो: नळी चार इंच कापायची, दस्ता तासायचा, वर दुर्बीण, चाप हलका. गोळ्याही मिळत नाहीत, तर ओळखीचा लेथवाला .३१५ची नळी बसवून देतो म्हणतो. काय करू?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, आधी त्या लेथवाल्याचा नंबर मोबाइलमधून काढून टाका. शस्त्र अधिनियम १९५९चं कलम ६ वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करू देत नाही आणि एका प्रकारचं शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलूही देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. 'माझीच रायफल, माझ्याच घरात' हे तिथं चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी .३१५चं काडतूस थर्टी-थर्टीपेक्षा जाडही आणि लांबही. ते तुमच्या रायफलच्या पोटातून वर चढणारच नाही. चढवलंच कोणी, तर फुटलेलं लोखंड तुमच्या तोंडावर येईल. लेथवाला तेव्हा जवळपास नसेल.

नळी कापायचं खूळही सोडा. ९४च्या नळीखाली मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरायची नळी आहे, ती पट्ट्यांनी वरच्या नळीला बांधलेली. माशी टोकाला. चार इंच कापले की हे सगळंच हलवावं लागतं. शिवाय नळीचं तोंड चहूबाजूंनी सारखं नसेल तर गोळीमागचा वायू एका अंगाने आधी सुटतो आणि गोळी भरकटते. हॅकसॉने कापलेल्या तोंडाची रायफल शंभर मीटरवर डुक्कर सोडा, बैलगाडीही चुकवेल.

आता दस्ता. तुमचं निदान चुकलंय असं मला वाटतं. ९४चा दस्ता मुळातच आखूड, चापापासून मागच्या टोकापर्यंत साधारण १३ इंच. पण तो खाली फार झुकलेला असतो, कारण तो उघड्या माशीसाठी घडवलाय. गाल टेकत नाही म्हणून मान वर येते, मान वर आली की रायफल पुढे लांब पसरल्यासारखी वाटते. त्यात जुन्या रायफलीची मागची पोलादी पट्टी कमानीची असेल तर तिची टोकं खांद्यात रुततात. तासलात तर आणखी बिघडेल. गावातल्या मोच्याकडून दस्त्यावर चढणारं चामड्याचं खोळ शिवून घ्या, खालून वादीने आवळायचं. गालाखाली नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) थर घाला आणि गाल टेकून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर माशी खाचेत दिसेपर्यंत थर कमीजास्त करा. हे सगळं रायफल रिकामी करून, बरं का. ९४मध्ये काडतुसं मॅगझिनच्या नळीत एकामागे एक बसतात, शेवटचं दिसत नाही. लिव्हर चालवून सगळी काढा आणि मग आत बोट घालून पाहा.

लाकडाला तेल द्यायचं काम मात्र खुशाल घरी करा, त्यात मजाही आहे. आपल्याकडे जवस पिकतं, पण चटणीचं घाण्याचं कच्चं तेल लावू नका, ते दिवसेंदिवस चिकट राहतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड घ्या. चार थेंब तळहातावर, हात गरम होईस्तोवर चोळा, जास्तीचं पुसा, वाळू द्या, मग पुढचा हात. घाई केलीत तर लाकूड चिकट होईल. वापरलेलं फडकं मात्र घडी करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असं फडकं आपोआप पेट घेतं. आपल्या मे महिन्यात तर बघायलाच नको. पाण्यात बुडवा किंवा बाहेर तारेवर पसरून वाळवा. दस्त्याच्या मानेजवळ, जिथे लोखंडी शेपूट लाकडात शिरतं, तिथे चीर गेली आहे का तेही पाहा. लिव्हरच्या रायफली तिथेच फाटतात. चीर असेल तर ती चालवू नका. सागाचा नवा दस्ता बनवून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण साग धक्क्याला धाग्याधाग्याने चिरतो. अक्रोडच बरा.

लिव्हर कडक असण्याचं कारण बहुधा आजोबांच्या काळचं वाळून लाखेसारखं झालेलं तेल आणि आपली काळी धूळ. रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने दिसतं तेवढं साफ करा, कोरडं पुसा, मशीनचं पातळ तेल अगदी थोडं द्या. उघडून सुटे भाग करू नका, ९४ परत जोडताना भलेभले घामाघूम होतात. लिव्हरच्या कड्याला चामडं गुंडाळलं तर बोटं सोलत नाहीत, छान दिसतंही. पण मागचा दांडा जिथे दस्त्याखालच्या लोखंडाला टेकतो तिथे गुंडाळू नका. लिव्हर पूर्ण मिटून दाबली गेल्याशिवाय ९४चा चाप ओढलाच जात नाही, ती सोय मुद्दाम दिलेली आहे. जाड चामड्याने लिव्हर अर्धी उघडी राहिली तर डुक्कर समोर असताना घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा हातोडा) पडणार नाही.

चाप हलका करायचा विचारच नको. जुन्या ९४ला वेगळा सेफ्टी खटका नाही, घोडा अर्ध्यावरच अडकवून ठेवणारी खाच हीच तिची सेफ्टी. कानशीचे दोन हात चुकून त्या खाचेवर पडले तर रायफल खांद्यावरून उतरवताना सुटेल. हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचंच, कारण कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. लोखंडाला पॉलिश करायचा मोहही आवरा. नंबर रिसीव्हरच्या (नळीमागच्या लोखंडी खोक्याच्या) खालच्या अंगाला पुढे कोरलेला असतो, तो एमरी पेपरने पुसला गेला तर कलम ८ लागतं, मग नूतनीकरणाच्या वेळी फौजदाराला काय सांगाल?

दुर्बीण जुन्या ९४वर सरळ बसत नाही. काडतुसाचं रिकामं खोकं वरून उडतं, तेच दुर्बिणीला आपटेल. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला कारखान्याचीच स्क्रूने बुजवलेली भोकं असतील तर तिथे गोल भोकाची मागची माशी बसते, ती दुकानातून बसवून घ्या. नसतील तर नवीन भोकं पाडू नका. पोरीच्या नेलपॉलिशचा एक पांढरा ठिपका माशीवर द्या, संध्याकाळचं निम्मं दुखणं जाईल.

गोळ्यांचं म्हणाल तर ती खरी अडचण आहे. थर्टी-थर्टी आपल्याकडे बनत नाही. भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे तिथे मिळेल का, असं मला दर हंगामात कोणीतरी विचारतं. तिथे तोफगोळे बनतात, बापा! परवानाधारक विक्रेत्याकडे जुना साठा मिळाला तरच. आणि टोकदार गोळी कधीही घेऊ नका: मॅगझिनच्या नळीत पुढच्या काडतुसाच्या टोपीवर मागच्याचं टोक टेकतं, धक्का बसला तर ते आतच फुटेल. चपट्या तोंडाचीच हवी. राहिलं रोह्याचं. शस्त्राचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. अर्ज आधी करा, नमदा मग.

प्रश्न: पावसाळ्यात बारा बोअर चामड्याच्या म्यानात ठेवतो, तरी गंज येतो.
– हिंगणघाट

उत्तर: 'तरी' नाही, म्हणूनच येतो. चामडं ओल धरतं, कमावतानाचे क्षारही त्यात असतात. म्यान फक्त नेण्याआणण्यासाठी. घरी तेलाचा हात फिरवून कुलुपाच्या कपाटात उभी ठेवा, नळीचं तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.

प्रश्न: संत्र्याच्या बागेत माकडं येतात. .१७७ची एअरगन आहे, जोरदार स्प्रिंग टाकली तर?
– वरूड

उत्तर: .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. स्प्रिंग बदलून त्याच्या वर गेलात तर ती विनापरवाना शस्त्र ठरते. आणि माकडावर छर्रा झाडला तर ते लचांड वेगळंच. बागेला कुत्रं पाळा, फटाके ठेवा.