उत्तर: नवी हप्त्यावर की जुनी रोखीने? (आणि माझा दाखल्याचा किस्सा)

तुमचा प्रश्न वाचून जुनी जखम उघडी पडली. गाडी कायमची बसलीय, कामावर रोज गाडीशिवाय जाता येत नाही, शोरूमवाला सात वर्षांचा 'परवडणारा' हप्ता बसवून देतोय, आणि ओळखीतल्या एकाची दहा वर्षांची गाडी नवीच्या पाव किमतीत मिळतेय. सहा वर्षांपूर्वी मी नेमका इथेच होतो आणि जुनी घेतली. आज विचाराल तर पुन्हा जुनीच घेईन, पण तेव्हा घेतली तशी नाही.

इंजिन, गिअरबॉक्स, अपघात झालाय का, हे सगळं आपल्या भरवशाच्या मेकॅनिककडून बघून घ्यायचं, हे सांगायला नकोच. मीही ते केलं होतं. गाडी उत्तम होती, आजही कोणीतरी चालवत असेल. मी मार खाल्ला तो कागदावर.

नोंदणीच्या कागदावर कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव तसंच होतं. मालक म्हणाला, "कर्ज कधीच फिटलंय, फक्त कर्ज फिटल्याचा दाखला आणायचा राहिलाय, आठवड्यात देतो." ओळखीतला माणूस. भीड भिकेची बहीण म्हणतात, तसं झालं. मी पूर्ण रक्कम हातात ठेवली आणि किल्ली घेऊन आलो. महिन्याभरात त्याची बदली झाली आणि फोन उचलणं बंद.

मग त्या संस्थेच्या शाखेत माझ्या चकरा सुरू झाल्या. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्या दिवशी सांगितलं, खातं बंद आहे, बाकी शून्य, पण दाखला फक्त कर्जदारालाच मिळेल. ठीक आहे, नियम असेल. चौथ्या चकरेला त्याच खिडकीवर कळलं की कुठल्यातरी जुन्या उशिरा भरलेल्या हप्त्याचा किरकोळ दंड बाकी आहे. म्हटलं, मी भरतो, आत्ता, रोख. तर म्हणे, "तुमच्याकडून घेता येत नाही, तुम्ही आमचे ग्राहक नाही." मग पहिल्या दिवशी शून्य कसं सांगितलंत? यावर उत्तर, "तेव्हा सिस्टिममध्ये दिसत नव्हतं." अकरा महिने! शेवटी जुन्या मालकाच्या थोरल्या भावाला गाठून अधिकारपत्र मागवलं तेव्हा सुटलो. मधल्या काळात दाखल्याअभावी गाडी माझ्या नावावर नाही, विमा जुन्या मालकाच्या नावावर. कोणीतरी मागचा दरवाजा चेपून गेला तर तो खर्च माझ्या खिशातून. विमा कंपनीने एका ओळीत कळवलं, गाडी तुमची नाही.

म्हणून माझं ठाम मत: ओळखीतली गाडी असेल तर दुप्पट काटेकोर राहा. कागदावर कर्जाची नोंद असेल तर मालकाला सोबत घेऊन त्या शाखेत जा आणि दाखला हातात पडल्यावरच शेवटची रक्कम द्या. कर्ज अजून चालू असेल तर तेवढे पैसे मालकाला नाही, थेट कर्जखात्यात भरा. त्याला राग आला तर येऊ दे. (नियम जागोजागी वेगळे असतात. मी वकील नाही, तुमच्याकडची पद्धत विचारून घ्या.)

आता हप्त्याबद्दल. नवी घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण शोरूममध्ये "महिन्याला किती" या एकाच आकड्यावर बोलणं अडकवतात, ते ओळखा. 9 टक्क्यांनी शंभर उचलले तर पाच वर्षांत साधारण 125 फेडता, सात वर्षांत 135. सात वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातला जवळजवळ निम्मा भाग नुसतं व्याज असतं, आणि तीन वर्षं इमानेइतबारे भरूनही मुद्दलातले सुमारे 65 शिल्लकच असतात. गाडीची किंमत मात्र पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जोरात घसरते. त्या वेळी नोकरी गेली आणि गाडी विकावी लागली, तर गाडी देऊन वर पैसे भरायची पाळी येऊ शकते. आणि व्याज 'फ्लॅट', म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, सांगितलं तर सावध! पाच वर्षांसाठी 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशोबाने सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास पडतं. एकूण किती फेडायचे, तो आकडा कागदावर लिहून मागा. विक्रेता लगेच चहा मागवायला उठतो, हा माझा अनुभव.

तुमच्या पोस्टवरून वाटतं की हातातली सगळी रोकड जुन्या गाडीत जाईल. ते मला पटत नाही. दहा वर्षांच्या गाडीला टायर, बॅटरी, सस्पेन्शन, यातलं काहीतरी पहिल्या वर्षात लागतंच. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) असेल आणि शेवटचा कधी बदलला ते मालकाला सांगता येत नसेल, तर बदलायचाच आहे असं धरा. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि स्वस्त गाडी एका दिवसात महाग होते. किमतीचा पाव हिस्सा तरी बाजूला राहत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी स्वस्त नाही. त्यापेक्षा थोडी अजून साधी बघा.

जाता जाता, मेकॅनिक कधीकधी विसरतात अशा दोन गोष्टी. गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा. गरम असेल तर तुमच्या आधीच ती सुरू करून ठेवलीय, आणि थंड इंजिनाची खरी कुरकुर तुम्हाला ऐकू येणार नाही. सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी जा. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुराच्या पाण्यात बसलेली गाडी आतून कितीही धुतली तरी पट्ट्याच्या टोकाला चिखलाचा डाग बरेचदा राहतो.

त्या ओळखीतल्या गाडीच्या कागदावर कर्जाची नोंद आहे का, तेवढं आजच बघून इथे सांगा. असेल तर मालकाशी काय बोलायचं ते मी शब्दशः लिहून देतो, माझं पाठ झालंय.