रक्त नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?

प्रश्न : वडिलांना (वय 56) सीएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे. इमॅटिनिब 400 मिलिग्रॅम रोज एक, आठ महिने चालू आहे. पांढऱ्या पेशी लाखावर होत्या, आता 7,000 आहेत. गोळी थांबवली तर चालेल का? शिवाय गोळीसोबतच्या कागदावर ग्रेपफ्रूट टाळा असं लिहिलंय आणि आमची द्राक्षबाग आहे.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : थांबवू नका. पांढऱ्या पेशी ताळ्यावर येणं ही पहिली पायरी, तीही सोपी.

या आजारात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन तयार होतं. निरोगी पेशीतलं एबीएल प्रथिन संदेश आला की चालू होतं, काम झालं की बंद. जोडप्रथिन मात्र विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटावा तसं चालूच राहतं. एटीपी या पेशीच्या ऊर्जा-रेणूतला फॉस्फेट काढून पुढच्या प्रथिनांना लावत सुटतं आणि पेशी वाढतच जातात. इमॅटिनिब नेमकं जोडप्रथिनातल्या एटीपी बसण्याच्या खाचेत जाऊन बसतं. पण त्याने गुणसूत्र दुरुस्त होत नाही. गोळी थांबली की खाच मोकळी.

म्हणून पाहायचा तो बीसीआर-एबीएलचा पीसीआर, म्हणजे रक्तात त्याचा अंश किती उरला ते मोजणारी तपासणी, दर तीन महिन्यांनी. इंटरनॅशनल स्केलवर (सगळ्या लॅबचे आकडे जुळावेत म्हणून ठरवलेलं माप) तिसऱ्या महिन्यात 10 टक्के, सहाव्यात 1 आणि बाराव्यात 0.1 टक्के किंवा त्याहून कमी हवा. रक्त मिरजेत द्या नाहीतर कऱ्हाडला, तपासणारी लॅब एकच ठेवा. आकडा चढला तर आधी गोळ्या चुकल्या का ते बघा. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटोइन चालू असेल तर यकृत इमॅटिनिब लवकर मोडून टाकतं. यातलं काहीच नसेल तर म्युटेशन तपासणी, म्हणजे जोडप्रथिनाच्या जनुकात बदल झालाय का ते पाहणं. टी315आय नावाचा बदल निघाला तर खाचेचा आकारच बदललेला असतो. तिथे डॅसॅटिनिब, निलोटिनिब ही याच गटातली पुढची औषधंही लागू पडत नाहीत, पोनॅटिनिब किंवा अ‍ॅसिमिनिब लागतं.

थांबवण्याचा विचार किमान तीन वर्षं उपचार आणि त्यातली दोन वर्षं आकडा 0.01 टक्क्यापर्यंत किंवा खाली राहिल्यावरच, तोही डॉक्टरांच्या देखरेखीत. तरी जवळपास निम्म्या रुग्णांत आजार परततो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत. तुम्हाला हे अजून लांब आहे.

गोळी जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याने घ्यावी. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन नकोत. सकाळी डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे हे नेहमीचे त्रास. डॉक्टरांना सांगा, पण परस्पर डोस कमी करू नका.

द्राक्षं, बेदाणे खुशाल द्या. ग्रेपफ्रूट हे मोसंबीच्या कुळातलं फळ. त्याने आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडतं आणि रक्तात औषध जास्त चढतं. पपनसही त्यातलंच, तेवढं टाळा.