इंदूर: निगम (महापालिका) परिषदेत ठराव झाला, तर आमच्या गल्लीतलं निवासी क्षेत्र व्यावसायिक होतं का?

नाही. परिषदेचा ठराव फार तर शिफारस. भू-उपयोग ठरतो मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, 1973 खाली बनलेल्या मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात (इंदूरचा 2008 पासून लागू झाला, लक्ष्यवर्ष 2021), आणि त्यात फेरबदल राज्य शासन कलम 23-क नुसार करतं. त्याआधी सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. खरी लढाई तिथेच, नगरसेवकाच्या दारात नव्हे.

आधी नगर तथा ग्राम निवेशच्या (नगर नियोजन खात्याच्या) कार्यालयातून आपल्या खसरा नंबरचा (जमिनीच्या सर्व्हे नंबरचा) भू-उपयोग लेखी काढा. हरकतीत तोच नंबर, रस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी आणि पार्किंगची स्थिती लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. “आम्हाला त्रास होतो” एवढंच लिहिलेली हरकत सुनावणीत टिकत नाही.

शेजारी डायव्हर्शनचा (महसूल दप्तरी जमिनीचा वापर बदलल्याचा) कागद दाखवत असेल तर बिचकू नका. ते महसूल खात्याचं प्रकरण. त्यानं मास्टर प्लॅन बदलत नाही. मंजूर नकाशा निवासी असून खाली गोदाम चालत असेल, तर तक्रार मात्र निगमाच्या झोन कार्यालयात, भवन अधिकाऱ्याच्या नावे.