जुनं सिम बंद झालं, जीमेल अडकलं

प्रश्न : सर, अशोक चौकाजवळ आमचं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट हाय. मध्यंतरी मोबाइल बदलला, जुना नंबर रिचार्ज नाही केला म्हणून बंद झाला. आता नव्या फोनवर जीमेल उघडायला गेलं की पासवर्ड चुकीचा म्हणतंय आणि ओटीपी जातोय जुन्या नंबरवर. शाळांच्या ऑर्डरी, जीएसटीचे मेल, सगळं त्यातच हाय. एक जण म्हणतोय दोन हजार द्या, उघडून देतो. द्यावं का?

उत्तर : एक रुपया पण देऊ नका ओ. दुसऱ्याचं जीमेल पैसे घेऊन उघडून देतो म्हणणारा एक तर थापा मारतोय नाहीतर तुमचं अकाउंटच घेऊन जाणार. नेटवर 'जीमेल कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरांना पण फोन लावू नका, ते स्क्रीन दिसणारं अॅप टाकायला लावतात आणि मग जीमेल राहतं बाजूला, बँकेतले पैसे जातात.

आधी सांगा, जुना फोन विकला का कपाटात पडलाय? पडला असेल तर काढा, चार्ज करा, वायफायला जोडा. सिम नसलं तरी चालतंय. त्यात जीमेल अजून लॉगिन असेल तर नव्या फोनवर 'दुसरी पद्धत वापरा' निवडा, म्हणजे जुन्या फोनवर 'हे तुम्हीच आहात का' असं विचारलं जाऊ शकतं, तिथं होय दाबायचं. लोक नुसते सिमच्या मागं लागतात आणि हे कुणी बघतच नाही. युनिटमधल्या कॉम्प्युटरवर जीमेल वापरत होता ना, मग क्रोमच्या सेटिंगमध्ये पासवर्ड मॅनेजर उघडून बघा, तिथं पासवर्ड सेव्ह झालेला असतो बऱ्याचदा, विंडोजचा पिन मागेल तेवढाच.

यातलं काहीच नाही जमलं तर गुगलचं अकाउंट रिकव्हरी पान, पण ते युनिटमधल्याच कॉम्प्युटरवर आणि रोजच्याच नेटवर उघडा. पुण्यातल्या भाच्याला सांगून तिकडनं ट्राय करू नका, अनोळखी मशीन आणि अनोळखी जागा दिसली की गुगलला उलट संशय येतो. जुना कुठला पासवर्ड आठवत असेल तर तो टाका, अंदाजानं का होईना, प्रश्न रिकामा सोडू नका.

खरं तर मला जीमेलपेक्षा त्या नंबरची काळजी वाटतीय. बंद झालेला नंबर निदान 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत, पण नंतर देतात. म्हणून आजच कंपनीच्या गॅलरीत जाऊन परत मिळतो का विचारा. नसेल मिळत तर बँकेत स्वतः जाऊन नंबर बदला, नाहीतर तुमचे ओटीपी उद्या भलत्याच माणसाच्या फोनवर वाजतील.

अकाउंट उघडलं की नवा नंबर घाला, टू-स्टेप चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागितला जातो, आणि फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड काढा. एकदम 10 मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर लिहून हिशेबाच्या वहीत ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून नको, मोबाइलच हरवला तर काय करणार? शिवाय ऑथेंटिकेटर अॅप टाका, दर 30 सेकंदाला लॉगिनचा नवा कोड दाखवतं, सिमही लागत नाही, रेंजही लागत नाही. आणि पासवर्ड सिद्धेश्वर@123 किंवा सोलापूर@413001 असला ठेवू नका, निम्म्या गावाचा तोच असेल. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, लांब झाला तरी लक्षात राहतो.

प्रश्न : आत्यानं व्हॉट्सअॅपला पिन लावला आणि विसरली. नवीन फोनवर चालूच होईना.

उत्तर : पिन लावताना ईमेल दिला असेल तर 'पिन विसरलात' दाबा, मेलवरनं रिसेट होतो. नसेल दिला तर 7 दिवस थांबावं लागतं, दुसरा उपाय नाही. तेवढ्यात कुणी 'तुमच्याकडं आलेला सहा आकडी कोड सांगा' म्हणून फोन केला तर आत्यांना म्हणावं, ठेवून द्या. सांगून बसल्या आणि पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पुढच्या वेळी पिनसोबत ईमेल घालायला विसरू नका, आणि तो ईमेल कुणाचा ते आत्यांनाच विचारा, कारण बहुतेक तो दुकानदारानं फोन घेताना उघडून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नसतो.